रक्तवाढीचं इंजेक्शन चालू आहे, तरी हिमोग्लोबिन का चढत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वडील ६३ वर्षांचे, वजन ५८ किलो. सात महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तेही गळ्याजवळच्या कॅथेटरमधून. पाच महिने एरिथ्रोपोएटिनचं ४००० युनिटचं इंजेक्शन आठवड्यातून दोनदा घेताहेत. हिमोग्लोबिन ७.६ होतं, ते आता ७.९ आहे. फेरिटिन ६१०, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन १३ टक्के, सीआरपी ४२. डॉक्टर डोस दुप्पट करू म्हणतात. घरातले बीट आणि डाळिंबाचा रस द्या म्हणतात. हे इंजेक्शन नक्की करतं तरी काय, आणि बाबांना ते का लागू पडत नाही?"

आधी घाईचं सांगते. बीटाचा रस, डाळिंबाचा रस आणि कुणी शहाळं सुचवलं असेल तर तेही आजपासून बंद करा. या तिन्हींत पोटॅशियम भरपूर असतं. दोन डायलिसिसच्या मधल्या दोन-तीन दिवसांत ते बाहेर टाकायला बाबांकडे चालती किडनी नाही. पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि कधी कधी काही लक्षण दिसायच्या आत थांबतात. बीटाचा लाल रंग आणि रक्ताचा लाल रंग यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. उत्तर लांबेल, पण ते नीट समजलं तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना काय विचारायचं हे तुम्हाला आपोआप कळेल.

आपल्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. एक पेशी साधारण १२० दिवस जगते आणि जितक्या मरतात तितक्या रोज नव्या लागतात. हे काम कंबरेचं हाड, छातीचं हाड, मणके आणि बरगड्या यांच्या आतल्या मऊ मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत चालतं. तिथल्या मूळ पेशीपासून तांबडी पेशी एका उडीत होत नाही. आधी एक पेशी 'मी तांबड्यांच्या वाटेनं जाणार' असं ठरवते. प्रयोगशाळेत तिला बीएफयू-ई म्हणतात. बशीत वाढवली तर दोन आठवड्यांत तिच्यापासून पेशींचा मोठा पुंजका फुटतो, भाताच्या एका रोपाला फुटवे येतात तसा. पुढची पायरी सीएफयू-ई. तिचा पुंजका लहान असतो, पण ती लवकर वाढते. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येणारे एरिथ्रोब्लास्ट तयार होतात. ते विभागत विभागत लहान होतात, त्यांच्यात हिमोग्लोबिन भरतं, शेवटी केंद्रक बाहेर फेकलं जातं आणि रेटिक्युलोसाइट नावाची कोवळी पेशी रक्तात उतरते.

प्रत्येक पायरीला वेगवेगळे वाढघटक लागतात. सुरुवातीच्या पायऱ्यांवर मज्जेतल्या आधारपेशींकडून येणारा 'स्टेम सेल फॅक्टर' आणि त्याच्या जोडीला इंटरल्यूकिन-३ काम करतात. स्टेम सेल फॅक्टर किंवा तो झेलणारा 'किट' हा रिसेप्टर यांत जन्मतः दोष असलेले उंदीर पंडुरोगी निघतात. त्या उंदरांमुळेच या घटकाचा माग लागला. पुढच्या टप्प्यात इन्सुलिनसारखा आयजीएफ-१ मदत करतो. थायरॉइड, स्टेरॉइड आणि टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकांचाही हातभार लागतो. थायरॉइड कमी असलेली बाई फिकट दिसते, पुरुषांचं हिमोग्लोबिन बायकांपेक्षा एक-दीड ग्रॅम जास्त असतं, या गोष्टी याच हिशेबात बसतात. एरिथ्रोपोएटिन मिळायला लागण्याआधी डायलिसिसच्या रुग्णांना नॅन्ड्रोलोनसारखी पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शनं देत असत. थोडा फरक पडायचा, पण यकृताला त्रास व्हायचा आणि बायकांना मिशा यायच्या.

या सगळ्यांत मुख्य दोर एरिथ्रोपोएटिनच्या हातात असतो. आम्ही बोलताना 'इपो' म्हणतो.

इपो काय करतं, याबद्दल रुग्णांचाच नाही तर बऱ्याच नव्या डॉक्टरांचाही एक गैरसमज असतो. त्यांना वाटतं, इंजेक्शन गेलं की मज्जा जोमानं पेशी 'बनवायला' लागते. खरी गोष्ट वेगळी आहे. सीएफयू-ई पेशी मज्जेत रोज मोठ्या संख्येनं तयार होतच असतात, पण त्यातल्या पुष्कळशा पुढे न जाता मरून जातात. १९९० साली कौरी आणि बॉन्ड्युरँट या संशोधकांनी दाखवून दिलं की इपो काढून घेतलं की या पेशी काही तासांतच स्वतःचा डीएनए तोडून मरायला लागतात, आणि इपो दिलं की जगतात. पेशीच्या पृष्ठभागावर इपोचे जेमतेम हजारभर रिसेप्टर असतात. त्यांच्यावर इपो बसलं की आत जेएके-२ नावाचं एन्झाइम जागं होतं, ते एसटीएटी-५ या प्रथिनाला उठवतं आणि पेशीला मरणापासून वाचवणारी प्रथिनं तयार होतात. तरव्यात रोपं उगवलेली असतात. पाऊस वेळेवर आला तर ती तगतात, नाही आला तर जळतात. इपो म्हणजे तो पाऊस. बी रुजण्याचं काम आधीच कुणीतरी केलेलं असतं.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट अशी की या पावसाची गरज फक्त मधल्या टप्प्यात असते, सीएफयू-ई पासून कोवळ्या एरिथ्रोब्लास्टपर्यंत. त्यानंतर पेशीवर इपोचे रिसेप्टर जवळजवळ उरत नाहीत. तिथून पुढे तिला हवं असतं लोह, भरपूर लोह, कारण आता दाणा भरायचा असतो. बाबांची अडचण बहुतेक इथेच आहे, पण तिकडे जाण्याआधी थोडं मागे जाते.

इपो तयार होतं किडनीत. प्रौढ माणसाचं सुमारे ९० टक्के तिथे आणि उरलेलं मुख्यतः यकृतात. किडनीच का? किडनीला रक्ताचा मोठा वाटा मिळतो आणि तिचं प्राणवायूचं खर्चपाणी त्या प्रवाहाच्या प्रमाणात वरखाली होतं. त्यामुळे रक्तप्रवाह बदलला तरी तिच्या आतली प्राणवायूची पातळी फारशी हलत नाही, रक्त पातळ झालं की मात्र लगेच हलते. हिमोग्लोबिन मोजायला शरीरात यापेक्षा चांगली जागा नाही. तिथल्या नळ्यांमधल्या मोकळ्या जागेत बसलेल्या काही पेशींत एचआयएफ नावाचं प्रथिन सतत तयार होतं आणि प्राणवायू पुरेसा असेल तर सतत मोडलं जातं. प्राणवायू कमी पडला की मोडणारी एन्झाइमं थंडावतात, एचआयएफ साठतं आणि इपोचं जनुक चालू होतं. हा उलगडा करणाऱ्या सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना २०१९ चं नोबेल मिळालं. रक्तस्राव झालेल्या धडधाकट माणसाच्या रक्तात इपो शेकडो पट, कधी हजार पट वाढतं. किडनी निकामी झाली की त्या पेशी वण तयार करण्याच्या मार्गाला लागतात. हिमोग्लोबिन ७ असतानाही इपोची पातळी धडधाकट माणसाइतकीच दिसते. रिपोर्टवर आकडा 'नॉर्मल', पण त्या वेळी तो शंभरपट असायला हवा होता.

हे संप्रेरक हाती लागायला फार काळ गेला. १९०६ साली पॅरिसमध्ये कार्नो आणि डेफ्लान्द्र यांनी रक्त काढलेल्या सशाचा सीरम दुसऱ्या सशाला टोचून त्याच्या तांबड्या पेशी वाढल्याचं सांगितलं. इतरांना ते जमेना आणि कल्पना मागे पडली. १९५३ साली अ‍ॅलन अर्स्लेव्ह यांनी पंडुरोगी सशांचा प्लाझ्मा भरपूर प्रमाणात टोचला आणि परिणाम निःसंशय दिसला. चार वर्षांनी शिकागोत जेकबसन आणि गोल्डवॉसर यांनी दाखवलं की हे किडनीतून येतं. पण शुद्ध इपो कुणाच्याही हाती नव्हतं, कारण रक्तात ते नावापुरतं असतं. शेवटी जपानमधले डॉक्टर ताकाजी मियाके यांनी मज्जा सुकलेल्या, म्हणजे अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या रुग्णांची लघवी जमवली. अशा रुग्णांत इपो प्रचंड वाढलेलं असतं, कारण किडनी ओरडत असते आणि मज्जेत ऐकायला कुणी नसतं. तब्बल २,५५० लिटर लघवीतून १९७७ साली काही मिलिग्रॅम शुद्ध इपो निघालं. त्यावरून जनुक शोधता आलं, १९८५ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली आणि १९८९ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. आज बाबांना जे ४००० युनिटचं इंजेक्शन मिळतं, त्याच्या मुळाशी त्या जपानी रुग्णांच्या बाटल्या आहेत. हे मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते, कारण मी शिकत होते तेव्हा हे औषध आमच्या रुग्णांच्या खिशाला परवडत नव्हतं. डायलिसिसच्या माणसाला दर काही आठवड्यांनी रक्ताची पिशवी लावायची आणि पुढच्या पिशवीपर्यंत तो कसाबसा ढकलायचा, असं चालायचं.

आता लोह.

तांबड्या पेशींसाठी मज्जेला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं. आतड्यातून रोज येतं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. बाकीचं सगळं जुन्या पेशी मोडून परत मिळवलेलं असतं. मज्जेची काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली की कधी कधी एक देखणं दृश्य दिसतं. मधोमध एक मोठी मॅक्रोफेज पेशी आणि तिला बिलगून सगळीकडून एरिथ्रोब्लास्ट, कोंबडीच्या पंखाखाली पिल्लं असावीत तसे. मार्सेल बेसिस यांनी १९५० च्या दशकात या बेटांचं वर्णन केलं. पिल्लांनी टाकून दिलेली केंद्रकं हीच मॅक्रोफेज खाऊन टाकते. त्याच काचेवर प्रशियन ब्लू रंग टाकला की साठवलेलं लोह निळं दिसतं. तुमच्या बाबांसारख्या रुग्णांत मला अनेकदा असं दिसतं: मॅक्रोफेज निळ्याशार, लोहानं भरलेल्या, आणि शेजारच्या एरिथ्रोब्लास्टमध्ये निळा ठिपका एकही नाही. कोठार भरलेलं, ताट रिकामं.

कोठाराला कुलूप घालतं हेप्सिडिन. हे यकृतात तयार होणारं छोटं संप्रेरक पेशींमधून लोह बाहेर येण्याचा दरवाजा बंद करतं. शरीरात कुठेही सूज (म्हणजे आतला दाह, तो बाहेरून दिसेलच असं नाही) किंवा जंतुसंसर्ग असला की हेप्सिडिन वाढतं. जंतूंनाही लोह लागतं, ते त्यांना मिळू नये म्हणून शरीराची ही जुनी युक्ती असावी. किडनी बंद असल्यामुळे हेप्सिडिन बाहेरही पडत नाही. एरवी इपोनं वाचवलेल्या एरिथ्रोब्लास्ट पेशी एरिथ्रोफेरोन नावाचा निरोप पाठवतात, 'आम्ही खूप जण आहोत, कुलूप उघड', आणि हेप्सिडिन कमी होतं. हा निरोप २०१४ मध्ये सापडला. पण सूज जास्त असली की तो पुरा पडत नाही. शिवाय सूज असताना सुटणारी टीएनएफ आणि गॅमा इंटरफेरॉन ही रसायनं सीएफयू-ई पेशींना थेट मारतात. एका बाजूनं इंजेक्शन पेशी वाचवतंय आणि दुसऱ्या बाजूनं सूज त्याच पेशी मारतेय.

आता बाबांचा रिपोर्ट परत वाचा. फेरिटिन ६१०, म्हणजे कोठारात साठा दिसतो. सॅच्युरेशन १३ टक्के, म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणाऱ्या गाड्या (ट्रान्सफेरिन) जवळजवळ रिकाम्या धावताहेत. निदान २० टक्के तरी हवं. सीआरपी हा सुजेचा मापक, तो ४२, म्हणजे कुठेतरी सूज धगधगतेय. आणि गळ्यात सात महिने जुनं कॅथेटर. 'फेरिटिन भरपूर आहे, लोहाची गरज नाही' असं कुणी म्हणालं असेल तर ते अर्धं वाचन आहे. फेरिटिन सुजेमुळेही वाढतं.

म्हणून माझ्या मते क्रम असा असावा. पहिल्यांदा कॅथेटर. डायलिसिसच्या वेळी किंवा नंतर थंडी वाजून ताप येतो का? कॅथेटरच्या तोंडाशी लाली, पू, दुखणं आहे का? रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ही तपासणी, कॅथेटरमधून आणि हाताच्या शिरेतून असं दोन्हीकडून घ्यायला सांगा. दात आणि पायाच्या जखमाही बघून घ्या, विशेषतः मधुमेह असेल तर. हातावर फिस्टुला (डायलिसिससाठी रोहिणी आणि शीर जोडण्याची छोटी शस्त्रक्रिया) करायची तारीख अजून ठरली नसेल तर ती ठरवा. गळ्यातलं कॅथेटर ही तात्पुरती सोय असते. महिनोन्‌महिने राहिलं की ते बऱ्याचदा सुजेचं घर होतं.

संसर्ग नाही हे ठरल्यावर, किंवा असेल तर तो आटोक्यात आल्यावर, शिरेतून लोह. संसर्ग जोरात असताना लोह देऊ नये. गोळ्यांचा इथे फारसा उपयोग नाही, हेप्सिडिन आतड्याचाही दरवाजा बंद ठेवतं. डायलिसिसच्या रुग्णाचं यंत्रात, नळ्यांत आणि तपासण्यांत थोडं थोडं रक्त जातच राहतं, वर्षाला एक-दोन ग्रॅम लोह त्यात जातं. ब्रिटनमधल्या २,१४१ रुग्णांवरच्या पिव्होटल या अभ्यासात, जो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, फेरिटिन ७०० आणि सॅच्युरेशन ४० टक्क्यांच्या मर्यादेत राहून दर महिन्याला ४०० मिलिग्रॅम लोह दिलेल्यांना इपो कमी लागलं आणि रक्ताच्या पिशव्याही कमी लागल्या. संसर्ग वाढला नाही. तुमच्या डॉक्टरांना हा अभ्यास माहीत असेलच. 'सॅच्युरेशन १३ आहे, तर शिरेतून लोह देता येईल का?' एवढं विचारा.

त्याच वेळी रेटिक्युलोसाइट काउंट, म्हणजे त्या कोवळ्या पेशींची मोजणी, करून घ्या. स्वस्त तपासणी आहे आणि दुर्दैवानं विसरली जाते. मज्जा रोज किती नव्या पेशी पाठवतेय, हे त्यातून थेट कळतं. इपो लागू पडत असेल तर आठवड्याभरात रेटिक वाढतात, हिमोग्लोबिन हलायला दोन ते सहा आठवडे लागतात. रेटिक अगदीच नगण्य निघाले तर वेगळा विचार करावा लागतो. १९९८ नंतरच्या काही वर्षांत युरोपात इपोच्या एका बनावटीत बदल झाल्यावर काही रुग्णांच्या शरीरानं इपोविरुद्धच प्रतिपिंडं तयार केली आणि त्यांची तांबड्या पेशींची निर्मिती पूर्ण थांबली. हा प्रकार फार दुर्मीळ आहे आणि त्यात आधी चांगलं चढलेलं हिमोग्लोबिन अचानक कोसळतं. बाबांचं चित्र तसं नाही. बी-१२, फॉलिक अ‍ॅसिड, पॅराथॉर्मोन आणि थायरॉइड एकदा बघून घ्यावेत. शौच काळं होतं का, म्हणजे पोटात कुठे रक्तस्राव आहे का, हे बाबांना स्पष्ट विचारा. घरात कुणाला थॅलेसेमिया मायनर असेल तर सांगा. दोनऐवजी तीन डायलिसिस शक्य असतील तर तेही बोला, अपुऱ्या डायलिसिसमध्ये इपो नीट काम करत नाही.

इंजेक्शनची बाटली कुठून, कशी येते, हेही बघा. औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं, गोठवायचं नाही, जोरात हलवायचं नाही. माझ्याकडे एक गृहस्थ मे महिन्यात चार तासांचा एसटीचा प्रवास करून यायचे. औषध बिघडू नये म्हणून मुलगा बाटल्या थर्मासमध्ये थेट बर्फात खोचून आणायचा. तीन महिने हिमोग्लोबिन जागचं हललं नाही. एकदा मी थर्मास उघडायला लावला, तर आतली एक बाटली दगडासारखी गोठलेली. गोठलं की प्रथिनाची घडी मोडते, वितळल्यावर पाणी तसंच स्वच्छ दिसतं. बर्फ आणि बाटली यांच्यामध्ये जाड कापड ठेवायला सांगितलं, दुसरं काही बदललं नाही. सहा आठवड्यांत हिमोग्लोबिन ९.२ झालं. त्या मुलानं इतक्या काळजीनं केलं होतं, की त्याला हे सांगताना मला फार जड गेलं.

आता डोस दुप्पट करण्याबद्दल. आठ हजार युनिट आठवड्याला, ५८ किलोच्या माणसाला, हा मध्यम डोस आहे, थोडा वाढवायला जागा आहे. पण दुप्पट करण्याची पायरी वरच्या गोष्टी बघितल्यावरची. दाणा भरायला लोहच नसेल तर पाऊस दुप्पट पाडून पोचट दाणेच मिळतील. आणि या औषधाला दुसरी बाजू आहे. २००६ च्या चॉइर अभ्यासात हिमोग्लोबिन १३.५ पर्यंत न्यायचं लक्ष्य ठेवलेल्या किडनीरुग्णांना ११.३ लक्ष्य असलेल्यांपेक्षा मृत्यू आणि हृदयविकार जास्त झाले. २००९ च्या ट्रीट अभ्यासात मधुमेही किडनीरुग्णांना १३ च्या लक्ष्यानं औषध दिल्यावर पक्षाघाताचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं, २.६ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर. या अभ्यासांतले रुग्ण अजून डायलिसिसवर नव्हते, पण धडा सगळ्यांनीच घेतला. म्हणून आज आपण १० ते ११.५ च्या दरम्यान थांबतो. महिन्याला एक, फार तर दोन ग्रॅमपेक्षा जास्त वेगानं चढू देत नाही. रक्तदाब घरी मोजत राहा, या औषधानं तो वाढतो, आणि फिस्टुला झाल्यावर त्यात गुठळी होण्याचा धोकाही धरावा लागतो.

तुम्ही गोळ्यांबद्दल कुठेतरी वाचाल. एचआयएफ मोडणारी एन्झाइमं रोखून शरीराला 'प्राणवायू कमी आहे' असं भासवणाऱ्या या गोळ्या आहेत. डेसिडुस्टॅटला भारतात २०२२ मध्ये परवानगी मिळाली. त्या शरीराचं स्वतःचं इपो वाढवतात आणि हेप्सिडिन थोडं खाली आणतात, म्हणून सूज असलेल्यांत उपयोगाच्या ठरू शकतात. पण कॅथेटरमधला संसर्ग गोळी काढणार नाही, त्यामुळे त्या पर्यायाकडे लोह आणि संसर्ग मार्गी लावूनच बघा.

रक्ताच्या पिशवीचाही विषय निघेल. ७.९ वर बाबांना छातीत दुखत नसेल, बसल्या जागी धाप लागत नसेल, तर थांबता येईल. पुढे किडनी प्रत्यारोपणाचा विचार असेल तर शक्यतो टाळाच, कारण परक्या रक्तामुळे तयार होणारी प्रतिपिंडं जुळणारी किडनी मिळणं अवघड करतात. धाप लागत असेल, छाती भरून येत असेल तर मात्र वाट बघू नका, पिशवी लावून घ्या.

पुढचे रिपोर्ट आले की चार आकडे एका कागदावर तारखेसह लिहून ठेवा: हिमोग्लोबिन, रेटिक, सॅच्युरेशन, सीआरपी. फेरिटिन पाचव्या रकान्यात. लोह सुरू झाल्याच्या तारखेवर खूण करा. त्यानंतरच्या दहाव्या दिवशीचे रेटिक आधीच्यापेक्षा वाढलेले दिसले तर डोस आहे तोच ठेवून चार आठवडे थांबायला हरकत नाही. दहाव्या दिवशीही काही हललं नाही आणि सीआरपी खाली आलेला असेल, तर मज्जेची तपासणी करावी असं मी म्हणेन. कंबरेच्या हाडातून, भूल देऊन, वीस मिनिटांचं काम आहे. त्या काचेवर मी पहिल्यांदा निळा रंग कुठे आहे ते बघेन.